चार इंच कापडावरचा इतिहास

वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्याचं नाव ‘इंद्रसभा’. या सभेत इंद्र नाही. हत्तीवर बसलेली जी भव्य मूर्ती पाहून कुणीतरी तिला इंद्र म्हटलं, ती जैन परंपरेतल्या यक्षाची आहे. तिच्या जोडीची, आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली ‘इंद्राणी’ म्हणजे अंबिका यक्षी. हत्ती दिसला म्हणून इंद्र, आणि इंद्राच्या जोडीला आहे म्हणून इंद्राणी, असा सरळ हिशोब. अभ्यासकांनी पुढे ओळख दुरुस्त केली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आजही पाटीवर इंद्रसभा आहे आणि गावातली पोरंही तेच म्हणतात.

माझं बालपण या लेण्यांच्या आसपास गेलं. त्यामुळे एक गोष्ट शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकाआधीच कळली होती. चेहऱ्यावरून मूर्ती ओळखता येत नाही, खुणेवरून येते. ध्यानस्थ तीर्थंकर सगळे सारखेच दिसतात. डोक्यावर नागफणा असेल तर पार्श्वनाथ, आसनावर सिंह असेल तर महावीर. या खुणेला ‘लांछन’ म्हणतात. मराठीत तोच शब्द पुढे डाग, कलंक या अर्थाने रूढ झाला, पण मूळ अर्थ निव्वळ खूण असा आहे. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांच्या मुद्रेवर गरुड असतो, तेही लांछनच. हे राज्य कुणाचं, हा शब्द कुणाचा, हे अक्षर न वाचता कळावं म्हणून केलेली सोय.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मी पॅच गोळा करतो. सैन्याच्या गणवेशावर, विशेषतः वैमानिकांच्या ओव्हरॉलवर लावलेले, साधारण चार इंच व्यासाचे भरतकाम केलेले कापडाचे तुकडे. त्यातही फक्त हवाई बचावाचं काम करणाऱ्या तुकड्यांचे. लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनचे पॅच दिसायला जास्त देखणे असतात आणि महागही. पण मला पहिल्यापासून ओढ वाटली ती दुसऱ्या प्रकाराची. युद्धखात्याच्या पैशाने उभी राहिलेली, युद्धातच वाढलेली, आणि तरीही जिचं यश किती माणसं वाचली यावर मोजलं जातं अशी ही एकच शाखा असावी. दिवसा मी पुण्यात बसून सॉफ्टवेअर लिहितो. रात्री हे तुकडे भिंगाखाली धरून बसतो. घरच्यांच्या मते हे पोस्टाची तिकिटं जमवण्याचंच मोठं झालेलं रूप आहे, आणि त्यात फारसं चूक नाही.

पॅच आला कुठून

गणवेशावर खूण लावण्याची पद्धत जुनीच, पण आज आपण ज्याला पॅच म्हणतो तो खांद्यावरचा कापडी तुकडा पहिल्या महायुद्धाच्या शेवटीशेवटी रुळला. १९१८ मध्ये अमेरिकेच्या ८१व्या डिव्हिजनने बाहीवर रानमांजराचं चित्र लावलं. इतर तुकड्यांनी आधी तक्रारी केल्या आणि मग स्वतःची चित्रं काढली. त्याच सुमारास वैमानिक आपल्या विमानांच्या अंगावर चित्रं रंगवू लागले होते. विमानावरचं चित्र पुढे जॅकेटवर आलं.

ब्रिटिशांनी हा प्रकार शिस्तीत बसवला. १९३०च्या दशकात रॉयल एअर फोर्सने स्क्वाड्रनच्या चिन्हांसाठी एक ठरावीक गोल चौकट ठरवली. वर मुकुट, मध्ये चिन्ह, खाली बोधवाक्य, आणि शेवटी राजाची मंजुरी. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या हवाई दलाने हीच चौकट उचलली. प्रजासत्ताक झाल्यावर मुकुट गेला, त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, बोधवाक्यं संस्कृत-हिंदीत आली. चौकट राहिली. हे झालं अधिकृत चिन्ह. ओव्हरॉलवरचा पॅच त्याच्या मानाने मोकळा असतो. कुणी नकाशा घालतो, कुणी हेलिकॉप्टरची बाजूने दिसणारी आकृती, कुणी उड्डाणाच्या तासांचा आकडा. अधिकृत चिन्ह सांगतं की तुकडी कोणती. पॅच सांगतो की तिथल्या माणसांना स्वतःबद्दल काय वाटत होतं. इतिहासासाठी दुसरी गोष्ट पहिलीइतकीच कामाची.

सुरुवात आसामात

हवाई बचावाचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा मी अमेरिका, इंग्लंड, फार तर कोरियाच्या तयारीत होतो. पानं उलटत गेलो आणि पोहोचलो आसामात.

दुसऱ्या महायुद्धात जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर चीनकडे जाणारा जमिनीवरचा रस्ता तुटला. मग आसामातल्या धावपट्ट्यांवरून विमानं उडवून, हिमालयाच्या पूर्वेकडच्या डोंगररांगा ओलांडून, कुनमिंगला माल पोहोचवायचं ठरलं. वैमानिक या वाटेला ‘हंप’ म्हणत, म्हणजे उंटाचं मदार. हवामान वाईट, नकाशे अपुरे, खाली घनदाट जंगल. युद्ध संपेपर्यंत या वाटेवर सुमारे ६०० विमानं गेली. सुरुवातीच्या काळात जे पॅराशूटने उतरले त्यांना शोधायला जाणारी वेगळी यंत्रणाच नव्हती. मित्रमंडळी सुट्टीच्या वेळात विमान काढून शोधायला जात.

२ ऑगस्ट १९४३ ला छबुआहून निघालेलं एक सी-४६ विमान नागा टेकड्यांवर बंद पडलं. विमानात २१ जण होते, त्यांत सीबीएसचा प्रसिद्ध वार्ताहर एरिक सेव्हराइड आणि अमेरिकी मुत्सद्दी जॉन डेव्हिस. सहवैमानिक वाचला नाही, बाकी सगळे पॅराशूटने जंगलात उतरले. काही जखमी होते. तेव्हा लेफ्टनंट कर्नल डॉन फ्लिकिंजर नावाचा डॉक्टर दोन सहायकांना घेऊन त्यांच्याजवळच पॅराशूटने उतरला. परत कसं यायचं हे तिघांनाही ठाऊक नव्हतं. पुढे मोकोकचुंगहून ब्रिटिश अधिकारी फिलिप अॅडम्स नागा सोबत्यांसह चालत आला आणि सगळ्यांना चालवतच बाहेर घेऊन गेला. अमेरिकी हवाई दलातले ‘पॅरारेस्क्यू’ जवान आपल्या परंपरेची सुरुवात या उडीपासून मोजतात. म्हणजे त्यांची गंगोत्री नागा टेकड्यांत आहे.

त्याच वर्षी छबुआलाच कॅप्टन जॉन पोर्टर याने दोन सी-४७ विमानं आणि हौशी वैमानिक जमवून शोधपथक उभं केलं. त्याचं टोपणनाव ‘ब्लॅकी’, म्हणून पथक ‘ब्लॅकीज गँग’. डिसेंबरात शोधमोहिमेवर असतानाच पोर्टर मारला गेला. पण पथक टिकलं आणि वाढलं.

तिसरी गोष्ट हेलिकॉप्टरची. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशात जपानी रेषांच्या मागे एक छोटं विमान कोसळलं. त्यात वैमानिक एड ह्लाडोव्हकॅक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक होते. आसामातल्या लालाघाटला फर्स्ट एअर कमांडो ग्रुपकडे सिकॉर्स्की वायआर-४बी हे नवंकोरं यंत्र होतं. लेफ्टनंट कार्टर हार्मन ते घेऊन निघाला. मजल दरमजल करत, वाटेत इंधन भरत तो पुढच्या तळावर पोहोचला. त्या उष्णतेत त्या इंजिनाला वैमानिकाखेरीज एकच माणूस उचलता येत होता. म्हणून २५ आणि २६ एप्रिल या दोन दिवसांत हार्मनने चार फेऱ्या मारल्या आणि चौघांना एकेक करून आणलं. युद्धभूमीवरून हेलिकॉप्टरने माणसं सोडवून आणण्याची ही पहिली नोंद मानतात. हार्मन नंतर न्यू यॉर्क टाइम्समध्ये संगीत समीक्षक झाला.

दर्ज्यांची नावं

आता पॅचकडे. या आघाडीचं नाव होतं चायना-बर्मा-इंडिया, म्हणजे सीबीआय. तिच्या पॅचवर वर निळ्या पट्ट्यात डावीकडे चीनचा सूर्य आणि उजवीकडे भारताचा तारा, खाली लाल-पांढरे उभे पट्टे. रचना एकच, पण या पॅचचे नमुने एकापुढे एक ठेवले तर दोन सारखे सापडणं मुश्कील. कारण सैनिकांनी ते भारतात, बाजारातल्या दर्ज्यांकडून आणि कारागिरांकडून करून घेतले. कुठे रेशमी धागा, कुठे चामड्यावर रंग, कुठे चक्क सोन्याचांदीच्या तारेचं काम. जी जर साडीच्या पदरावर, शेरवानीच्या गळ्यावर आणि लग्नातल्या झुलीवर चढत होती, तीच अमेरिकी वैमानिकाच्या खांद्यावर चढली. ताऱ्याचे किरण कुणी सरळ काढले, कुणी लवचिक. चीनच्या सूर्याला नेमके बारा किरण हवेत, हे त्या कारागिराला कुणी सांगितलं असेल तर ठीक.

संग्राहकांच्या भाषेत याला ‘थिएटर मेड’ म्हणतात, म्हणजे आघाडीवरच बनवलेला. अमेरिकेतल्या कारखान्यात बनलेल्या त्याच काळातल्या पॅचपेक्षा त्याला मोल जास्त. कोणत्या तुकडीतल्या कोणत्या सार्जंटने तो घातला, याचा शोध संग्राहक चिकाटीने घेतात. पण शिवला कुणी, हा रकाना कोरा. लेण्यांचंही तसंच आहे. राष्ट्रकूट राजाचं नाव सापडतं, छिन्नी धरणाऱ्याचं सापडत नाही.

त्याच काळातला एक वेगळा तुकडाही सांगायला हवा. चीनकडून लढणाऱ्या अमेरिकी वैमानिकांच्या जॅकेटच्या पाठीवर रेशमाचा मोठा चौकोन शिवलेला असे. त्यावर चीनचा झेंडा आणि खाली चिनी लिपीत मजकूर असे. आशय असा की हा परदेशी माणूस चीनच्या मदतीला आला आहे, सैनिकांनी आणि नागरिकांनी याला वाचवावं. याला ‘ब्लड चिट’ म्हणत. बाकीचे पॅच ‘मी कोण’ सांगतात. हा सांगतो ‘मला वाचवा’, तेही ज्याला स्वतःला वाचता येत नाही अशा लिपीत.

देवदूत आणि हिरवी पावलं

युद्धानंतर, १९४६ मध्ये, अमेरिकेने एअर रेस्क्यू सर्व्हिस स्थापन केली. तिचं ब्रीद, ‘इतरांनी जगावं म्हणून’ अशा अर्थाचं, रिचर्ड काइट या अधिकाऱ्याच्या शब्दांतून आलं. चिन्हावर पृथ्वीला दोन्ही हातांनी कवेत घेतलेला देवदूत आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते जरा गोडगोड वाटलं होतं.

मग औरंगाबाद लेण्यांतलं सातवं लेणं आठवलं. बीबीका मकबऱ्यामागच्या डोंगरात आहे ते. तिथे अवलोकितेश्वराचा एक मोठा शिल्पपट आहे. बोधिसत्त्व मध्यभागी उभा, आणि दोन्ही बाजूंना संकटात सापडलेल्या माणसांची आठ छोटी दृश्यं. आग, तलवार, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, हत्ती, राक्षस. त्या काळच्या व्यापारी तांड्यांना आणि दर्यावर्दींना ज्याची भीती वाटायची त्याची यादीच. असेच पट अजिंठ्याला आणि कान्हेरीलाही आहेत. कान्हेरी तर समुद्राच्या जवळ, सोपाऱ्याच्या बंदराच्या वाटेवर. संकटात हाक मारली की कुणीतरी येईल, ही कल्पना कोरून ठेवायला त्या लोकांनी डोंगर फोडला. त्यानंतर देवदूताच्या पॅचला गोडगोड म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

व्हिएतनाम युद्धात हा देवदूत बाजूला पडला आणि त्याच्या जागी हिरवी पावलं आली. बचावाला जाणारं एचएच-३ हेलिकॉप्टर मोठं आणि हिरवं, म्हणून त्याला ‘जॉली ग्रीन जायंट’ म्हणत. तेव्हापासून दोन हिरवी पावलं ही या लोकांची खूण झाली. त्या युद्धात या दलाने जवळपास ४,००० माणसं वाचवली आणि स्वतःची ७१ गमावली. विल्यम पिट्सेनबार्गर हा त्यांतला एक. ११ एप्रिल १९६६ रोजी जंगलात वेढ्यात सापडलेल्या पायदळाच्या जखमींसाठी तो हेलिकॉप्टरमधून खाली उतरला. वर यायची संधी होती तरी खालीच थांबला आणि त्या संध्याकाळी मारला गेला. त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं ते २००० साली.

आपल्याकडचे

भारतीय हवाई दलात हेलिकॉप्टर आलं १९५४ मध्ये, सिकॉर्स्की एस-५५ च्या रूपाने. मग फ्रेंच रचनेची दोन हलकी हेलिकॉप्टरं बंगळुरूला एचएएलमध्ये बनू लागली, चेतक आणि चीता. चीताच्या मूळ फ्रेंच भावंडाने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला होता. सियाचिनसाठी असंच यंत्र हवं होतं. या दोन्ही हेलिकॉप्टरांवर वैमानिक घडवणारी सैन्याची शाळा आपल्याकडेच आहे, नाशिकला गांधीनगरमध्ये. नाशिकरोडला राहणाऱ्यांना त्यांचा आवाज भिंतीवरच्या घड्याळासारखा परिचयाचा असतो.

आपल्या हेलिकॉप्टर युनिटांची नावं वाचत बसावं अशी आहेत. लेहचं ११४ हेलिकॉप्टर युनिट ‘सियाचिन पायोनियर्स’. १२९ म्हणजे ‘नुब्रा वॉरियर्स’. अवजड एमआय-२६ उडवलेलं १२६ स्वतःला ‘फेदरवेट्स’ म्हणवतं, पिसासारखं हलकं. सैनिकी विनोद असा असतो. ११५ म्हणजे ‘हॉव्हरिंग एंजल्स’, तरंगणारे देवदूत.

१५२ हेलिकॉप्टर युनिटचं नाव ‘माइटी आर्मर’. ऑक्टोबर १९९२ मध्ये हिमाचलातल्या परवाणूला रोपवेची केबल तुटली आणि पर्यटकांनी भरलेला डबा दरीवर लटकत राहिला. तेव्हा याच युनिटचे ग्रुप कॅप्टन फली मेजर यांनी एमआय-१७ त्या तारांवर स्थिर धरलं आणि पॅराचे मेजर इव्हान क्रॅस्टो दोराने खाली डब्यात उतरले. रात्र झाल्यावर क्रॅस्टो त्या अडकलेल्या लोकांसोबत डब्यातच थांबले. फली मेजर पुढे हवाई दलप्रमुख झाले. हेच युनिट मे १९९९ मध्ये कारगिलला होतं. २८ मे रोजी तोलोलिंगवर त्यांचं एक हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राने पाडलं गेलं आणि चौघे गेले. एकाच पॅचखाली या दोन्ही गोष्टी आहेत. पॅचवर त्यातली एकही लिहिलेली नाही.

जून २०१३ चा केदारनाथचा प्रलय आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहे. महाराष्ट्रातले कितीतरी यात्रेकरू तिथे अडकले होते. हवाई दलाने दोन आठवड्यांत दोन हजारांहून अधिक उड्डाणं केली. २५ जूनला गौरीकुंडजवळ एक एमआय-१७ कोसळलं. हवाई दलाचे पाच, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे नऊ आणि आयटीबीपीचे सहा, असे २० जण गेले. त्यांत महाराष्ट्रातले जवानही होते. तीन वेगवेगळ्या दलांची, तीन वेगवेगळे पॅच लावलेली माणसं एकाच हेलिकॉप्टरमध्ये होती.

खरं-खोटं

या छंदातला मोठा वेळ जातो तो नकली ओळखण्यात. काही ठोकताळे आहेत. जुन्या पॅचची कड साधी कापलेली असते. आज सर्रास दिसणारी दोरीसारखी जाड गोल कड नंतर रूढ झाली. दुसरी चाचणी अतिनील टॉर्चची. धाग्याला चमक आणणारी रसायनं सर्रास वापरात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. त्यामुळे १९४४ चा म्हणून विकला जाणारा पॅच अंधारात निळसर चमकला तर संशय घ्यावा. पण घरी आजच्या साबणाने धुतलेला अस्सल पॅचसुद्धा चमकतो, त्यामुळे या चाचणीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. व्हिएतनाम काळातल्या ‘स्थानिक’ पॅचच्या नकला सायगावच्या बाजारात पर्यटकांसाठी ढिगाने शिवल्या गेल्या. गंमत अशी की अस्सल पॅचही त्याच शहरात, तशाच दर्ज्यांनी शिवलेले होते.

छत्रपती संभाजीनगरला शाळांचे मोनोग्राम भरून देणारं एक दुकान आहे. तिथे मी एकदा तासभर यंत्र बघत बसलो. मालक म्हणाले, “फाइल आणा, उद्या संध्याकाळी घेऊन जा. शंभर नग असतील तर परवा.” ती फाइल बहुधा डीएसटी प्रकारची असते. तिच्यात प्रत्येक टाक्याला तीन बाइट. आधीच्या बिंदूपासून सुई किती सरकायची एवढंच त्यात लिहिलेलं, एक दशांश मिलिमीटरच्या हिशोबात. आणि हे अंक नेहमीच्या द्विमान पद्धतीत नसतात. १, ३, ९, २७ आणि ८१ ही वजनं घ्यायची, प्रत्येक एकतर मिळवायचं, वजा करायचं किंवा सोडून द्यायचं. पाचही मिळवली की १२१, म्हणजे एका टाक्याची मजल जास्तीत जास्त १२.१ मिलिमीटर. तराजूच्या दोन्ही पारड्यांत वजनं टाकून धान्य मोजावं तसं. आपल्या शहरातल्या हिमरूच्या मागावर नक्षी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून ठेवलेली असते. ही तीच कल्पना, फक्त यंत्राला कळेल अशा आकड्यांत.

मुद्दा असा की कोणताही पॅच आता एका रात्रीत हुबेहूब बनतो. त्यामुळे तुकड्याचं मोल त्याच्यासोबत येणाऱ्या माहितीत आहे. कुणाचा, कुठला, कोणत्या साली, कुणाकडून कुणाकडे गेला. ही साखळी तुटली की उरतं ते भरतकाम. इंद्रसभेत हेच झालं होतं. मूर्ती शाबूत राहिली, तिला ओळखणारी माणसं गेली, आणि मग जो आला त्याने हत्ती पाहून नाव ठेवलं.

कायद्याची बाजूही आहे. सैनिक नसताना सैनिक वाटावं या हेतूने गणवेश किंवा तशी खूण अंगावर लावणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १४०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १६८. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद. संग्रह करणं वेगळं, मिरवणं वेगळं, हे संग्राहकाने स्वतःला रोज बजावलं पाहिजे. मी पॅच कधीही अंगावर लावत नाही, जॅकेटवर नाही की बॅगेवरही नाही. सध्या वापरात असलेले घेत नाही. आणि अपघातात गेलेल्या माणसाच्या गणवेशावरचा म्हणून जो विकायला येतो, त्याला हात लावत नाही. तो खरा असेल तर त्याच्या घरी असायला हवा. खोटा असेल तर प्रश्नच मिटला.

अरबी समुद्र

मुंबईत कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आहे, आयएनएस शिक्रा. चेतक उडवणाऱ्या ३२१ स्क्वाड्रनचं नाव ‘एंजल्स’, सी किंग उडवणाऱ्या ३३० चं ‘हार्पून्स’. १९७१ च्या युद्धात ‘एंजल्स’ विक्रांतवर होते. लढाऊ विमानं उडताना आणि उतरताना एक चेतक जहाजाच्या बाजूला तरंगत राहायचं, कुणी पाण्यात पडला तर उचलायला. पूर, दरड, बुडणारं जहाज, काहीही झालं तरी कोकण किनाऱ्यावर पहिली नजर याच तळाकडे आणि तटरक्षक दलाकडे वळते.

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं. बॉम्बे हायच्या परिसरात नांगर तुटलेले बार्ज भरकटले. पी-३०५ या बार्जवर २६१ माणसं होती. तो बुडाला. आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता आणि इतर जहाजांनी, हेलिकॉप्टरांनी मिळून त्यातली १८६ वाचवली. गॅल कन्स्ट्रक्टर या दुसऱ्या बार्जवरचे सर्व १३७ जण सुखरूप निघाले.

माझा इंजिनिअरिंगचा एक वर्गमित्र त्या दिवसांत तिथल्या एका बार्जवर कामाला होता. त्याला हेलिकॉप्टरने उचललं. वर्षभराने भेटला तेव्हा मी न राहवून विचारलं, की तुला खाली न्यायला आलेल्या डायव्हरच्या खांद्यावर काय होतं. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाला, “खांदा कोण बघतो रे? त्याचे हातमोजे आठवतात. नारिंगी होते. आणि तो सारखं म्हणत होता, हात वर करू नको, हात वर करू नको.” पट्टा काखेत अडकवून वर ओढताना हात वर केले तर माणूस पट्ट्यातून निसटतो. ती सूचना त्याच्या कानात अजून आहे. तो आता नाशिकला एका कारखान्यात आहे. समुद्राकडे परत गेला नाही.

माझ्या स्प्रेडशीटमध्ये तेव्हापासून एक रकाना वाढला आहे. पॅचचं नाव, साल, कापड, कड, किंमत, कुणाकडून मिळाला, यांच्या शेवटी ‘कोण वाचलं’. बहुतेक ओळींत तिथे फक्त आकडा आहे. काही ओळींत नाव आहे: सेव्हराइड, ह्लाडोव्हकॅक. भारतीय युनिटांपुढे बहुधा आकडाच, कारण आपल्याकडे वाचवणाऱ्यांची नावं एक वेळ छापून येतात, वाचलेल्यांची येत नाहीत.

एक ओळ अशीही आहे जिच्यात पॅचच नाही. २७ जुलै २००५. आदल्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि मुंबई बुडाली होती. बॉम्बे हायला ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या स्वयंपाक्याची दोन बोटांची टोकं कापली गेली. एरवी अशा माणसाला हेलिकॉप्टर न्यायला येतं. मोसमी वाऱ्यामुळे ते उडू शकत नव्हतं. म्हणून जखमीला क्रेनने फलाटावर चढवण्यासाठी जहाज फलाटाच्या अगदी जवळ नेलं. ते लाटेने फलाटाच्या वायुवाहिनीवर आदळलं, वायू बाहेर पडला, आग लागली आणि संपूर्ण फलाट गेला. ३६२ जणांना वाचवण्यात यश आलं. २२ गेले. दोन बोटांच्या जखमेसाठी एक हेलिकॉप्टर उडू शकलं असतं तर त्या दिवशीची नोंद तिथल्या दवाखान्याच्या वहीत एका ओळीत संपली असती.

अशी न उडालेली उड्डाणं कोणत्याच खांद्यावर शिवलेली नसतात. ती ओळ मी त्या स्प्रेडशीटमध्ये तशीच ठेवली आहे, शेवटच्या रकान्यात ३६२ लिहून.